संत्र्याच्या ट्रकनं नेपाळ: दादाच्या घरचे चार दिवस

नेपाळ स्वस्तात कसं करायचं, असं या ब्लॉगवर दर महिन्याला कोणीतरी विचारतं. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढं बर्फाचे डोंगर असतात आणि खिशात निदान परतीचं तिकीट. मी गेलो तेव्हा माझ्याजवळ दोन्ही नव्हतं. ऐंशीच्या दशकातली, दशक संपत आलेलं असतानाची गोष्ट. मी बावीस वर्षांचा, नुकताच बी.ए. झालेला, म्हणजे बेकार म्हणवून घ्यायला आता रीतसर प्रमाणपत्र असलेला. सौंसरजवळच्या रामाकोन्याहून निघालो, सरहद्द ओलांडली, दादाच्या घरी चार दिवस राहिलो आणि परत आलो. जाताना-येताना एकदाही तिकीट काढलं नाही. याला हिचहायकिंग म्हणतात हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आमच्याकडं त्याला ट्रक पकडणं म्हणत, आणि ते करणाऱ्याला कोणी अनुभव विचारत नसे.

जाण्याचं कारण माझी माय. तिची नजर जात चालली होती. छिंदवाड्याच्या डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, मोतीबिंदू असता तर काढला असता, ही शीरच वाळत चालली आहे. वर्षभर दिसेल, फार तर दीड वर्ष. बसमध्ये बसल्यावर माय म्हणाली, "सुध्या, तू जाय अन् मन्याले घेऊन ये. मले एकडाव पाहून घेऊ दे. मंग आला त निरा आवाजच आयकाव लागंन."

मन्या म्हणजे माझा थोरला भाऊ, मनोहर. बाबा आणि दादा दोघंही कलमा बांधायचे. जंभेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाच्या सालीला चाकूनं चीर द्यायची, तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि पट्टीनं घट्ट आवळायचा. हे काम हाताचं आहे, आणि दादाचा हात असा होता की शंभरातल्या पाच-सात कलमा वाळल्या तर तो जेवायचा नाही. तालुक्यातल्या कितीतरी बगीच्यांना या बापलेकांचा हात लागलेला. त्यांतलं एकही झाड आमचं नव्हतं. सात वर्षांपूर्वी पांढुर्ण्याचा एक ठेकेदार असे सहा कारागीर घेऊन नेपाळच्या डोंगरात गेला. हंगाम संपल्यावर पाच परत आले. दादा आला नाही. त्याची पत्रं यायची, वर्षाला दोन. लग्न झालं, मुलगी झाली, संत्री लागली, रजा मिळत नाही. नोकरी कोणाकडं, हे मात्र कुठल्याच पत्रात नव्हतं.

बाबांनी फक्त एवढं म्हटलं, "येत असन त आण. ओढून नको आणू."

आता प्रवासाचं. आंब्या बहाराची संत्री तोडायचे, थंडीचे दिवस होते. पांढुर्ण्याहून भरलेले ट्रक सौंसरवरून उत्तरेकडं जायचे. बाबांच्या ओळखीच्या दलालानं मला एका गोरखपूरच्या ट्रकवर चढवून दिलं. अट एकच: ताडपत्रीवर बसायचं, उतारावर पेट्या सरकल्या तर ओरडायचं. तुम्हाला कधी असं जायचं झालं तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पेटीच्या मधोमध बसायचं नाही, कडेच्या फळीवर बसायचं, नाहीतर खालची संत्री दबतात आणि तुमची गरज संपते. दुसरं, पेट्यांत भरलेलं वाळकं गवत जास्त असेल तर मागून घ्यायचं आणि पायांभोवती गुंडाळायचं. छिंदवाड्याचा घाट चढेपर्यंत मी मर्द होतो. शिवनीच्या पुढं मी गवतात होतो.

ड्रायव्हर म्हातारे होते, पूर्वांचलाकडचे. त्यांना सगळे पंडितजी म्हणत. जबलपूरच्या पुढच्या ढाब्यावर त्यांनी मला खाली बोलावलं, आपल्या ताटातली पोळी मोडली, अर्धी हातात धरली आणि विचारलं, "कौन बिरादरी, बेटा?"

"संतरेवाले," मी म्हणालो.

"मतलब माली?"

"बाग का ही काम है, पंडितजी."

ते समाधान पावले आणि अर्धी पोळी माझ्या हातात पडली. तेव्हापासून गोरखपूरपर्यंत मी माळी होतो. कटनीला माळी म्हणून वरण-भात खाल्ला, रीव्याला माळी म्हणून चहा प्यायलो, आणि अलाहाबादच्या पुलावर पंडितजींनी गंगेत नाणं टाकलं तेव्हा एका माळ्याच्या वतीनंही एक टाकलं. माणूस प्रेमळ होता. मी आमची खरी वस्ती सांगितली असती तर त्यांचा प्रेमळपणा किती किलोमीटर टिकला असता, हे पाहायची मला हौस नव्हती. मला नेपाळला जायचं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी गोरखपूरच्या मंडीत उतरलो. उतरवताना ज्या पेट्या फुटल्या त्यांतली दोन डझन संत्री पंडितजींनी माझ्या झोळीत टाकली. तिथून मिठाच्या ट्रकनं सोनौली. सरहद्द म्हणजे मोठं काहीतरी असेल असं मला वाटलं होतं. एक बांबू होता आणि एक शिपाई. "झोले में क्या है?" त्यानं विचारलं. "संतरे." त्यानं दोन घेतली. दोन संत्र्यांवर मी परदेशात गेलो. पुढं बुटवलपर्यंत ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि बुटवलवरून पत्रे भरलेला ट्रक. हा शेवटचा टप्पा ज्यांना करायचा असेल त्यांनी डोंगराच्या बाजूला बसावं, दरीच्या बाजूला बसणाऱ्याचं अन्न अंगी लागत नाही. भाडं नव्हतं, काम होतं: ट्रक चढावर थांबला की उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायचा. तानसेनच्या फाट्यापासून पुढं मी इतके दगड लावले की नेपाळ म्हटलं की मला अजून बर्फ आठवत नाही, दगड आठवतो.

वालिंगच्या अलीकडं रस्त्यावर एक चहाचं दुकान होतं. दादानं पत्रात तोच पत्ता दिला होता. दुकानदाराला मनोहर म्हटलं तर तो उठून उभा राहिला. "संतरावाले मनोहरसिंह? आप उनके कौन?"

"भाई."

त्यानं मला खुर्ची दिली, चहाचे पैसे घेतले नाहीत, आणि एका माणसाला वर पिटाळलं. मी विचार करत बसलो की हा सिंह कुठून आला.

दीड-दोन तासांनी दादा पळत खाली उतरला. अंगानं भरला होता, डोक्यावर तिकडची रंगीत टोपी. मला मिठी मारली ती सोडेना. मग एकदम सोडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"कोनी संग आहे का?"

"कोन राहीन?"

"नाही, असंच. चाल."

वर घरापर्यंत तासाभराची चढण. पहिल्या वळणावर त्यानं मायचं विचारलं, मी नजरेचं सांगितलं, तो खाली बसला. दुसऱ्या वळणावर उठला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

"आयक सुध्या. इथं मी मनोहरसिंग आहो."

"कायचा सिंग?"

"ठाकूर. सौंसरले आपला बगीचा आहे. दोन विहिरी. तू सुधाकरसिंग."

"अन् बाबा?"

"बाबा मालगुजार."

ही बढती बाबांना कळवायला हवी होती. ते त्या वेळी दुसऱ्याच्या बगीच्यात झाडांना पाण्यासाठी आळी करत असतील.

"जयभीम नाही म्हनाचं," दादा बोटं मोडत सांगत होता, "विहाराचं नाव नाही काढाचं. वस्ती नाही म्हनाचं, गाव म्हन. जानवं विचारलं त म्हन, शिकाले होतो, काढलं. देवाले हात जोडाचे."

"अन् माय?"

तो थांबला. चढणीनं दम लागला असेल. "माय तेच आहे," म्हणाला.

मला हसू आलं आणि मी हसलो. त्याला आलं नाही. "हसू नोको बे. सात वरसं मी झोपेत बी ठाकूर आहो."

घराची हकीकत त्यानं पुढच्या चढणीवर सांगितली. घर आमाचं. आमा म्हणजे आई, त्याची सासू. विधवा बाई, चार पट्टे जमीन, एक मुलगी आणि मुलगा नाही. खालच्या अंगाला तिचे दीर राहत, त्यांचा डोळा त्या जमिनीवर. घरात पुरुष नाही म्हणून जमीन आम्ही सांभाळू, असं ते दर दसऱ्याला सांगायला येत. ठेकेदाराबरोबर आलेल्या दादानं तिच्या उतारावर दीडशे कलमा बांधल्या, त्यांतली एकही मेली नाही. आमानं झाडं पाहिली, दादाला पाहिलं, जात विचारली. दादानं जी सांगितली तिच्यावर लग्न झालं. दिरांनी तोंड मिटलं. ठाकूर जावई, तोही दोन विहिरींचा, त्यांना काही करता येईना.

म्हणजे रजा का मिळत नव्हती ते मला कळलं. नोकरी चोवीस तासांची होती.

घर तांबड्या मातीनं सारवलेलं, समोर ओसरी, खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली संत्री. आमच्याकडं बगीचा सपाट असतो, एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाची भिंत दिसते. इथं झाडं एकमेकांच्या डोक्यावर उभी होती, आणि सगळी पिवळी झालेली. कमलावहिनीनं पाय धुवायला पाणी दिलं. तीन वर्षांची सानू माझ्या झोळीत डोकं घालून बसली. तिला घरच्या झाडांना लागलेलं सोडून गोरखपूरचं फुटकं संत्रंच हवं होतं. नाक थेट मायचं.

आमानं मला आत चुलीजवळ बसवलं. काशाचं ताट, भात, काळ्या डाळीचं वरण, तूप. मी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या वस्तीबाहेरच्या कोणाच्या घरात चुलीपासून दोन हातांवर बसून जेवत होतो. वाढणारीनं पदर सावरला नाही, वरून टाकलं नाही, अंग चोरलं नाही. हा मान सुधाकरसिंगाचा होता हे मला ठाऊक होतं, पण जेवत मी होतो. जेवण झाल्याबरोबर वहिनीनं ताट उचललं. मी हात धुवायला उठलो तोवर ते आत गेलंही होतं.

दोन दिवस फार चांगले गेले. खोटं सांगत नाही. दादा मला उतार दाखवत हिंडला. पलीकडच्या डोंगरावरून माणसं त्याच्याकडं कलम शिकायला येत, वाकून नमस्कार करत, 'ज्वाईंसाब' म्हणत. ज्वाईं म्हणजे जावई. बाबांनी साठ वर्षांत ऐकलं नव्हतं एवढं 'साब' त्यानं एका सकाळी ऐकलं. त्याचा चाकू तोच होता, बाबांनी दिलेला. एका झाडाजवळ थांबून त्यानं मला विचारलं, "मायले रंग दिसते अजून?"

"पिवळा दिसते म्हन्ते. लाल नाही."

त्या संध्याकाळी त्यानं जेवताना आमाला सांगितलं की तो माझ्याबरोबर जाणार, आईला भेटून पंधरा दिवसांत परत येणार. आमानं भाकर उलटली आणि म्हणाली, "माँ है, जाना चाहिए." आईसाठी पाच शेर तूप कढवून देते, असंही म्हणाली. दादानं माझ्याकडं पाहिलं. सात वर्षांत पहिल्यांदा तो मन्यासारखा दिसला. त्या रात्री मी आडवा पडून हिशोब करत होतो: गोरखपूर तीन दिवस, सौंसर चार, म्हणजे आठवडाभरात मायच्या समोर.

तिसऱ्या दिवशी दादा वालिंगच्या बाजाराला गेला, प्रवासाचं सामान घ्यायला. वहिनी सानूला घेऊन खाली गवत कापायला. घरात मी आणि आमा. तिनं मला वाढलं आणि ती मागच्या अंगणात मका सोलायला गेली. मी जेवलो. मनात सौंसरचा बसस्टँड होता, उतरताना दादाला पुढं करायचं की आपण पुढं होऊन मायला आधी सांगायचं, असलं काहीतरी. जेवण झालं. ताट उचलायला कोणी नव्हतं.

लहानपणी मी बाबांबरोबर बगीच्यात जायचो. मालकीण भल्या बाई होत्या, चहा द्यायच्या, सणाला जेवणही. प्यायचं, कप धुवायचा आणि आवाराच्या भिंतीतल्या कोनाड्यात पालथा घालायचा. जेवणाचं ताट असेल तर राखेनं घासायचं आणि भिंतीला बाहेरून पालथं ठेवायचं. हे मला कोणी शिकवलं नाही. बाबा करत, दादा करत, मी करू लागलो. कॉलेजात गेलो, सभा ऐकल्या, घोषणा दिल्या, त्या मालकिणीकडं पाऊल टाकणं सोडलं. हाताला मात्र कोणी कळवलंच नाही.

मी ताट घेऊन बाहेर आलो, चुलीतली राख घेतली, ताट घासलं, धुतलं आणि ओसरीच्या बाहेर, भिंतीला, पालथं घातलं. वळलो तर आमा मक्याची टोपली घेऊन उभी होती.

तिनं ताटाकडं पाहिलं. मग माझ्या हातांकडं. मग पुन्हा ताटाकडं. तिच्याही शेतात कामाला येणारे होते, लोहार, शिंपी, तिकडं ज्यांचा विटाळ मानतात ते. तेही असंच जेवत आणि असंच ताट ठेवत असणार. या बाबतीत दोन देशांत बांबूचीसुद्धा सरहद्द नव्हती.

"कोई नहीं था, आमा," मी म्हणालो, "तो मैंने सोचा..."

तिनं मान हलवली आणि आत गेली. ताट तिथंच राहिलं. दुपारी वहिनी आली, तिला आमानं हळू काहीतरी सांगितलं. वहिनी ताटाच्या बाजूनं वळसा घालून आत गेली.

मी ते उचलून आत नेऊ शकलो असतो. पण आत कुठं ठेवायचं?

उन्हं कलली तेव्हा दादा आला. मायसाठी शाल आणली होती, पिवळी. ती पायरीवरूनच हलवून दाखवत होता. तेवढ्यात आमानं माझं जेवण आणलं. पानांच्या पत्रावळीवर, ओसरीत. "अंदर धुआँ है," ती म्हणाली. आत धूर नव्हता. पत्रावळ तिनं माझ्यासमोर जमिनीवर ठेवली आणि मग आत जाऊन दादाचं काशाचं ताट चुलीजवळ मांडलं, रोजच्या जागी. दादाला उंबऱ्यातून ते दिसत होतं.

तो उंबऱ्यात उभा राहिला. एका बाजूला पत्रावळ, एका बाजूला ताट, हातात शाल. मग त्याला भिंतीशी पालथं ताट दिसलं. सगळं दिसलं. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, आता हा ओसरीत बसतो. सानूनं आतून हाक मारली, "बा!" दादा आत गेला. मी त्याला जेवताना ऐकलं. त्याला लहानपणापासून भात खाताना आवाज करायची सवय.

चौथ्या दिवशी सकाळी मी झोळी घेतली. दादा गोठ्यात काहीतरी करत होता, करण्यासारखं काही नसताना. आमा तुपाचा डबा घेऊन आली. तो तिनं माझ्या हातात दिला नाही, पायरीवर ठेवला आणि दोन पावलं मागं झाली. मी उचलला. तिचे डोळे रात्रभर उघडे असल्यासारखे लाल होते.

"बाबू, तुम अच्छा लड़का है," ती म्हणाली. "फिर मत आना."

"और दादा?"

"किसी को कुछ नहीं बोलूँगी. मेरे देवर जान गए तो लड़की, नातिन, खेत, कुछ नहीं बचेगा. पर वो उधर जाएगा तो उसके पीछे फिर कोई आएगा. आज तुम आया. कल और." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुम्हारी माँ को बोलना, लड़का ठीक है."

बाई दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर मला आज सोपं गेलं असतं. ती आपलं घर वाचवत होती, आणि तिच्या घराला वाचवणारा एकच खांब माझा भाऊ होता.

दादा मला सोडायला खाली आला. रस्त्याला लागल्यावर म्हणाला, "आलो त आमा वापस घरात घुसू नाही देनार. सानूचं काय करू? समजून घे."

मी बावीस वर्षांचा होतो. समजून घेणं सोडून मला सगळं येत होतं. त्यानं माझ्या खिशात नोटा घातल्या. मी त्या काढून त्याच्या हातात ठेवल्या आणि म्हणालो, "ठेव, ठाकूरसाहेब. सासूले नवं ताट घेऊन दे. माह्यावाल्या ताटात आता तिच्या घरी कोनी जेवनार नाही."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "शाल तरी नेशीन का?"

शाल घेतली. ट्रक आला, मी चढलो. चाकाला लावलेला दगड दादानं वाकून काढला.

गोरखपूरपर्यंत मी त्याच्यावर चिडत आलो. पुढं परतीला बटाट्याचा ट्रक मिळाला, आणि बटाट्यांवर बसून विचार करायला पुष्कळ वेळ असतो. रीव्याच्या आसपास मला दिसायला लागलं की दादा निघालाच होता. त्याची रजा मंजूर झाली होती, तूप कढत होतं. त्याला अडवलं माझ्या हातानं. सात वर्षं तो झोपेतसुद्धा जे विसरला नाही ते मी तीन दिवसांत, पोट भरल्यावर, जागेपणी विसरलो. आणि जाताना वर त्यालाच बोललो.

रामाकोन्याला पोचलो तेव्हा माय दारात बसली होती. पावलं ऐकून उठली, मग पुन्हा बसली.

"एकलाच?"

"रजा नाही मिळाली," मी म्हणालो. मी तुपाचा डबा खाली ठेवला आणि शाल तिच्या मांडीवर ठेवली. ती तिनं डोळ्यांपाशी नेली, खूप जवळ. "पिवळी आहे," म्हणाली. मग मन्याच्या प्रकृतीचं विचारलं, सुनेचं, नातीचं. नाक तुझ्यासारखं आहे म्हटल्यावर हसली. बाबा खाटेवरून ऐकत होते. नंतर तिनं जे विचारलं त्याची मी सातशे मैलांत तयारी केली नव्हती.

"तिथी तुले जेवाले कुठं बसवलं?"

"आत. चुलीपाशी."

"अन् ताट कोनं उचललं?"

"वहिनीनं."

माय बाबांच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "आयकलं का? माह्या लेकराचं ताट सुनेनं उचललं." तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, मन्या केव्हा येतो. मला वाटलं होतं रडेल, रोज विचारेल. तिला जणू पाहून झालं होतं.

मात्र ती गोष्ट तिनं साऱ्या वस्तीत सांगितली. नळावर, विहारात, कापूस वेचायला जाताना. "परदेसात तसं नाही बाई. आतमंदी बसवते. चुलीपाशी." बाया यायच्या, मला विचारायच्या, "खरंच का रे सुधाकर?" मी होय म्हणायचो. बाबांनी एकदाच, आळी करताना, माझ्याकडं न पाहता विचारलं, "मन्या कोन म्हनून राहते तिथी?" मी सांगितलं. त्यांनी फावडं थांबवलं, पुन्हा चालवलं. "मायले नको सांगू," म्हणाले.

दादाची पत्रं आणखी दोन वर्षं आली. मी उत्तरात माफी मागायला बसायचो आणि तब्येतीचं विचारून पाकीट बंद करायचो. मग पत्रं थांबली. माय गेली तेव्हा मी तार केली. ती पोचली की नाही मला ठाऊक नाही. मी पुन्हा त्या रस्त्यानं गेलेलो नाही. त्यामुळं आता तिकडं खर्च किती येतो हे मला विचारू नका, रस्ता चांगला झाला आहे असं ऐकतो.

मायची नजर डॉक्टरनं सांगितलं होतं त्याच्या आधीच गेली. ती नंतर आठ वर्षं जगली. त्या आठ वर्षांत मी घरी जेवायला बसलो की ती भिंत धरत यायची, माझ्याशेजारी बसायची, आणि जेवण झालं असं वाटलं की म्हणायची, "सांग न रे, ताट कोनं उचललं ते." मी सांगायचो. मग ती अंधारात हात फिरवत माझं ताट शोधायची. मी ते हळूच तिच्या बोटांपाशी सरकवायचो, आणि ती ते उचलून आत न्यायची.